राजापूरची वाळू

मिरकरवाडा, रत्नागिरी
१९ ऑक्टोबर १९८३

लवू,

आशीर्वाद वगैरे लिहायची रीत आहे, ते लिहिले असं समज. तुला पत्र लिही म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. तुझा उंदीर माझ्या घरात आहे आणि त्याच्याबद्दल चार गोष्टी विचारायच्या आहेत, एवढंच कारण.

तू पुण्याला गेलास तेव्हा कमळाने त्याला मांडवीला आपल्या सासरी नेलं, हे तुला ठाऊक आहेच. तिच्या सासूने दोन महिने सोसलं. दसऱ्याची साफसफाई निघाली तशी म्हातारी म्हणाली, "ह्यो उंदीर तरी ऱ्हाईल, न्हायतर मी तरी." सासूला टाकून देता येत नाही, म्हणून तुझी बहीण डबा कमरेवर घेऊन इकडे आली. पडवीत ठेवला आणि म्हणाली, "बाबा, लवूचा जीव हाय ह्यात. काय करू नका त्याला." मी काय करणार होतो? एवढं बोलून ती तुझा कागद माझ्या हातात देऊन चहासुद्धा न घेता गेली.

कागद वाचला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला आहे. हा साधा उंदीर नव्हे, राजस्थानच्या वाळवंटातला आहे, इंग्रजीत जर्बिल म्हणतात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत उरलेल्यांना औषध देऊन मारणार होते म्हणून तू दोन पिशवीत घालून घरी आणलेस. हे तू मला आधीही सांगितलं होतंस. तेव्हा मी ऐकलं नाही आणि आजही मला पटत नाही. उंदीर तो उंदीर. चाळीस वर्षं दर्यावर काढली मी. उंदरांनी जाळं खाल्लं म्हणून हंगामाचे पहिले आठ दिवस किनाऱ्यावर बसून राहिलेला बोटीचा तांडेल आहे मी. माझ्या घरात उंदीर पाळायचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

त्यातल्या दुसरीचं जे झालं ते झालं. नारळी पौर्णिमा उद्यावर आलेली, माळ्यावरून काढलेल्या नव्या जाळ्याला हातभर भोक, आणि डब्यातून सुटलेली ती एक जाळ्याशेजारी बसलेली. माझ्या जागी मिरकरवाड्यातल्या कोणीही काठी उचलली असती. तो विषय पुन्हा नको.

आता विचारायचं ते. तू लिहिलंस की त्याला उकरायला लागतं, वीतभर भुसा घाला. होडीच्या सुताराकडचा भुसा आणून घातला तर तो शिंकतो. त्या भुशाला तेलाचा वास आहे. काय घालू? दुसरं, शेपटीला धरू नये, कातडी सुटून हातात येते, असं लिहिलं आहेस. आम्ही आजवर उंदीर शेपटीला धरूनच पाण्यात फेकले. मग उचलायचा कसा?

गंगाराम


मिरकरवाडा
९ नोव्हेंबर १९८३

लवू,

माझ्या पत्राला उत्तर नाही. कमळाला मात्र आलं. "बाबांना सांग, भाताचा पेंढा घाला, भुसा काढा." बरं, घातला. शिंका थांबल्या.

मला नवल वाटतं. बोटीवर होतो तेव्हा सगळ्या खलाशांची पत्रं मी लिहायचो. चौथी शिकलेला मी एकटाच. त्यांच्या बायकांना, आयांना, सावकारांना, कोणाकोणाला लिहिली. जानू तर सांगायचा, "तांडेल, असा लिवा की ती रडलीच पायजे." आणि जानूची बायको खरोखर रडायची. आता स्वतःच्या मुलाला लिहायला बसलो की भाताच्या पेंढ्यापुढे गाडी जात नाही.

एक चूक झाली ती सांगतो, नाहीतर कमळा सांगेल. नरकचतुर्दशीला मी पहाटे उठलो, तेल लावलं, उटणं लावलं, आंघोळ केली. घरात दुसरं माणूस नाही. आणि हा डब्यात दोन पायांवर उभा राहून माझ्याकडे बघतो. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत आंघोळ न करणारा नरकात जातो, हे तुझी आई तुम्हा दोघांना सांगायची. सणाच्या दिवशी घरातलं कोणी बिनआंघोळीचं कशाला, म्हणून मी त्यालाही कोमट पाण्यात बुडवला. उटणं लावलं नाही, तेवढी अक्कल होती.

बाहेर काढला तर नुसता बोटभर. अंगातला सगळा फुगारा केसांचाच. थडथड कापायला लागला. मग तुझा कागद काढला, त्यात मागच्या बाजूला लिहिलेलं, की पाण्याने आंघोळ कधीही घालू नये, तो कोरड्या वाळूत लोळून स्वच्छ होतो. ते मी वाचलंच नव्हतं. त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळून बंडीच्या आत छातीशी धरला आणि चुलीपुढे बसलो. उजाडलं, ऊन अंगणात आलं, लोक फराळाला येऊन गेले, तरी उठलो नाही. जानू दारातून म्हणाला, "छातीत दुखताय काय रं?" मी म्हटलं, होय.

तुला आठवत नसेल. तू पाच वर्षांचा होतास त्या दिवाळीला तुला ताप होता, आणि आईने हट्टाने तुला न्हाऊ घातलं. मग असाच कापायला लागलास. तिने तुला माझ्या हातात दिलं आणि स्वतः देवापुढे रडत बसली. तेव्हाही मी असाच चुलीपुढे होतो. तुझं डोकं माझ्या गळ्याशी होतं. एवढा वेळ तुला धरून बसल्याचं दुसरं काही मला आठवत नाही. बाकीचे दिवस मी दर्यावरच होतो.

उंदीर बरा आहे. दुपारी बाजरी खाल्ली.

गंगाराम


मिरकरवाडा
२६ फेब्रुवारी १९८४

लवू,

तुझं कार्ड मिळालं. "मांडवीची वाळू खारी आहे. डोळे त्यानेच लाल झाले. नदीची वाळू धुऊन, वाळवून घाला. काजूगर बंद करा." वर मायना नाही, खाली नाव नाही. तरी पत्त्यावर माझं नाव तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. इकडचं सगळं कमळाने तुला कळवलेलं दिसतं. कार्ड पंचांगात ठेवलं आहे.

काजूगर मी बंद केले. खरं सांगायचं तर रोज दोनच देत होतो, पण तो मागे लागतो. पोट सुटलं होतं त्याचं.

वाळूचं मात्र माझं चुकलं. जन्म वाळूत गेला आमचा. मासळी वाळूवर, होड्या वाळूवर, पोरं वाळूवर. वाळू म्हणजे मांडवीची, दुसरी कुठली असते हेच डोक्यात नाही. चार ओंजळी आणून घातली. तो लोळला बिचारा, आणि आठ दिवसांत नाकाशी चट्टा, डोळ्यांना पाणी.

मग मी राजापूरला गेलो.

हसू नको. जवळपासही कुठे तरी मिळाली असती, पण मला तिथल्या अर्जुना नदीची वाळू माहीत होती. तुझ्या आईचं माहेर. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा सत्यवती मला नदीवर घेऊन गेली आणि म्हणाली, "तुमच्या दर्याची वाळू अंगाला चिकटते. ही बघा, झटकली की गेली." मी तेव्हा म्हणालो होतो की ज्या वाळूत मीठ नाही तिला वाळू कोण म्हणतो. तिने वाळू झटकली आणि माझ्याआधीच घरची वाट धरली. ती गेल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. नऊ वर्षं झाली.

नदी आटली आहे. पात्रात उतरलो, चपला काढल्या. जिथे ती धुणं धुवायची तो दगड मला सापडला की नाही सांगता येत नाही, सगळे दगड तसेच दिसतात. एका दगडावर बसलो थोडा वेळ. एक बाई धुणं पिळत होती. तिने विचारलं, "कोनाकडे आलाव?" म्हटलं, वाळू न्यायला. "घर बांधताव?" म्हटलं, नाही, उंदराला आंघोळीला. तिने आपली बादली उचलली आणि पलीकडच्या दगडावर जाऊन बसली.

एस.टी.त कंडक्टरने पिशवीला हात लावून पाहिला. "आजोबा, काय हाय यात?" वाळू. "कुठं चालवलीत?" मिरकरवाड्याला. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. समुद्रकाठी राहाणारा म्हातारा राजापुरातून वाळू विकत घेऊन चालला असं त्यांना वाटलं असेल. मी खिडकीबाहेर बघत बसलो. पण तुला सांगतो, मला बरं वाटत होतं.

घरी येऊन धुतली, दोन दिवस उन्हात घातली, मातीच्या परळात घालून डब्यात ठेवली. त्याने आधी वास घेतला. मग एकदम कुशीवर पडला, ह्या अंगावरून त्या अंगावर, पोट वर करून, पुन्हा उलटा. अंग असं चमकायला लागलं की बघत राहावं. सत्यवतीचं खरं होतं. झटकली की गेली.

हे तिला सांगायला हवं होतं.

बाबा


मिरकरवाडा
२२ जुलै १९८४

लवू,

पाऊस लागून राहिला आहे. होड्या वर ओढल्या, जाळी माळ्यावर चढवली. जाळ्यांबद्दल एक लिहायचं होतं. पण ते राहू दे, विशेष काही नाही.

तुझ्या उंदराला ही हवा सोसत नाही. पेंढा दोन दिवसांत ओला होतो. डबा मी चुलीच्या भिंतीला लावला आहे, वर सुके बांगडे टांगतो त्या दांडीखाली. तिथे कोरडं राहातं. दर तिसऱ्या दिवशी पेंढा तव्यावर गरम करून घालतो. नारळाच्या सोडणाचा तुकडा दिला आहे, तो दिवसभर कातरून त्याचं घरटं करतो. करवंटी दिली तर तिच्यात शिरून झोपतो. पण मध्यंतरी त्याने खाणं सोडलं. कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. मी काठी टेकत आत आलो की मागच्या पायाने डब्याच्या तळाला ठकठक वाजवायचा. तुझ्या कागदात आहे, की धोका दिसला की तो सोबत्याला तसं कळवतो.

सोबती कुठे आहे त्याला?

मी काठी आता पडवीच्या बाहेर ठेवतो. भिंत धरून चालतो.

कागदात तू असंही लिहिलं आहेस की हा एकटा झुरतो, जोडी हवी. म्हणून मी तुझ्या कॉलेजात गेलो. तू तिथे सहा वर्षं नोकरी केलीस, पण मी कधी आलो नाही. माझा मुलगा बोट सोडून उंदरांची घाण काढतो हे मला बघायचं नव्हतं. आत जायला भीती वाटली. पायरीवर उभा होतो तर तुमचा शिपाई आत्माराम आला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तुम्ही तांडेल! या की वो आत." मला वाटलं, माझी माहिती आहे ह्याला, वाड्यात सगळेच ओळखतात.

त्याने सगळं दाखवलं. तुझं टेबल, तुझं स्टूल, पिंजऱ्यांवर चिकटवलेल्या तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. अजून काढलेल्या नाहीत. प्रत्येक पिंजऱ्यावर तारीख, काय खाल्लं, तब्येत कशी. एका चिठ्ठीवर "आज घाबरला आहे, हात लावू नये." आत्माराम म्हणाला, सुट्टीच्या दिवशी, गणपतीतसुद्धा तू सकाळी येऊन त्यांना पाणी घालून जायचास. आम्हाला वाटायचं तू मित्रांकडे जातोस. तुमचे सर त्याला म्हणाले होते म्हणे, की मुकी जनावरं सांभाळायला शिकवून येत नाही, ते लवूच्या हातात आहे. माझ्या हातातून हे आलेलं नाही. तुझ्या आईचं असेल.

मी त्याला विचारलं, एखादा सोबती मिळेल का? त्याने मान हलवली. तिथे आता ते आणत नाहीत. आणि म्हणाला, "गावला तरी ठेवू नका. मोठेपनी अनोळखी दोन एका डब्यात घातले तर जीव घेतील एकमेकांचा. तुम्हीच बसत जा तांडेलाजवळ." मी म्हटलं, तांडेल तर मीच. तो हसायला लागला. "तसा न्हवं. त्या उंदराचा नाव तांडेल. लवूनं ठेवलेला. म्हनायचा, ह्यो बघा, दोन पायांवर ऱ्हाऊन छाती काढून लांब बघतो, अगदी माजा बापूस नाळीवर उभा ऱ्हातो तसा. आनी दुसरी ती चिमी."

लवू, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. घरी आलो आणि डब्यापुढे बसलो. तो उठून उभा राहिला, पुढचे दोन पाय छातीशी धरून, माझ्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघत. मी तीस वर्षं बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, तसाच उभा राहात असेन. तू लहान होतास तेव्हा किनाऱ्यावरून मला बघायचास, तेवढाच मी तुला दिसायचो.

आता रोज दुपारी त्याच्याजवळ बसतो. खातो आहे.

बाबा


मिरकरवाडा
४ सप्टेंबर १९८४

चि. लवू,

गणपती झाले. पाच दिवस शेवटच्या एस.टी.पर्यंत दार लावलं नाही. कमळाने तुझं यायचं काही नक्की नाही असं सांगितलं होतं, तरी.

जानू दर्शनाला आला. मूर्तीच्या पायाशी बसलेला उंदीर बघितला, चुलीजवळचा बघितला, आणि म्हणाला, "तुज्याकडे यंदा दोन गनपती की काय रं?" मी त्याला मोदकावर मोदक वाढले. दुसऱ्या तांडेलाला मोदकातलं गूळ-खोबरं दिलं नाही. कागदात गोड नको म्हणून लिहिलं आहेस. काकडीची फोड दिली.

बाबा


मिरकरवाडा
११ ऑगस्ट १९८५

प्रिय लवू,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. फाडलेले कागद तांडेलाला घातले. त्याने त्यांचं अंथरूण केलं आहे. एवढं तरी त्यांचं सार्थक झालं.

गेल्या वर्षी जाळ्यांबद्दल लिहायचं टाळलं, ते आता लिहितो. त्या जूनमध्ये जाळी माळ्यावर चढवली तेव्हा धड होती. पंधरा दिवसांनी बघितली तर नव्या जाळ्याला पुन्हा भोक, तसंच, त्याच बाजूला. तांडेल खाली डब्यात होता. डब्यावर तारेची जाळी, तिच्यावर पाटा. तो सुटला नव्हता. मी शिडी लावून माळ्यावर गेलो, कौलांच्या कडेशी बघितलं, तर नायलॉनचा चुरा आणि लेंड्या, अंगठ्याएवढ्या. मोरीच्या गटारातून घूस येत होती वर. जानूने आणि मी सापळा लावला. सापडली ती मांजराएवढी होती. तिच्यासारखे दात तुझ्या चिमीच्या सात पिढ्यांत कोणाला नसतील.

जाळं चिमीने कुरतडलं नव्हतं.

हे मला चौदा महिने माहीत आहे. मी तुला पेंढ्याबद्दल लिहिलं, वाळूबद्दल लिहिलं, तुझ्या आईबद्दल लिहिलं, पण हे लिहिलं नाही. भीती वाटली. म्हटलं, एक कार्ड आलं आहे, तेही बंद होईल.

आणि अजून एक आहे, ते कोणालाच माहीत नाही. मी काठी उचलली तेव्हा ती पळाली नाही. साधा उंदीर असता तर मी दिसल्याबरोबर तुळईवरून पसार झाला असता. ती जाळ्याशेजारी बसली होती, मला बघून उठून उभी राहिली आणि माझ्या दिशेने आली. तिला वाटलं, मी तिला काहीतरी द्यायला आलो. माणसाला भ्यायचं असतं हे तू तिला शिकवलंच नव्हतंस. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी हात थांबला नाही.

तू आलास, बघितलंस, आणि काही बोलला नाहीस. तिला रुमालात घेऊन मागच्या माडाखाली पुरलंस, पिशवी भरलीस आणि स्टँडवर गेलास. बोलला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी नारळ दर्याला मी एकट्याने दिला. तू चालायला लागल्यापासून तो नारळ तुझ्या हातात असायचा. नारळ हातातून निसटला आणि होडीच्या कडेवर आपटून पाण्यात पडला. लोक म्हणाले, तांडेल म्हातारा झाला.

माझी चूक झाली, लवू. घूस सापडली म्हणून म्हणत नाही. ती सापडली नसती तरी चूकच होती.

माडाखालची जागा मी साफ ठेवतो. तिच्यावर राजापूरची मूठभर वाळू टाकली आहे. पावसात जाते, पुन्हा टाकतो.

आता तांडेलाचं सांगतो. तो थकला आहे. तू लिहिलं होतंस की हे तीन-चार वर्षं जगतात, त्याला चौथं चालू आहे. दात बोथटले म्हणून बाजरी भिजवून देतो. करवंटीतून बाहेर यायला वेळ लावतो. उभा राहिला तर एका बाजूला कलतो, मग डब्याच्या कडेला टेकतो. मी भिंतीला टेकतो. कमळा म्हणते, दोघांचं बरं जुळलं आहे. डोळ्यांनी त्याला कमी दिसतं, पण माझा आवाज ओळखतो. हा पाऊस तो काढेल, पण पुढचा काढेल असं मला वाटत नाही. आणि माझंही फार काही वेगळं नाही, ते कमळाने तुला कळवलं असेलच. मी तिला कळवू नको म्हणून सांगितलं होतं.

तीस तारखेला नारळी पौर्णिमा आहे. ये म्हणून मी लिहीत नाही. तुझ्या कागदाच्या सगळ्यात शेवटी काय लिहिलं आहेस ते तुला आठवत असेल. कागद आता घड्यांवर फाटला आहे, मला तो पाठ झाला आहे. "घाबरलेल्याला कधी धरून ओढू नये. मागे लागू नये. आपला हात त्याच्यापुढे जमिनीवर उघडा ठेवावा आणि हलवू नये. त्याला यायचं असेल तेव्हा तो येईल. आज नाही आला तर उद्या पुन्हा ठेवावा."

तांडेलाला माझ्या हातावर यायला सात महिने लागले. मी रोज ठेवत होतो.

नारळ आणून ठेवला आहे.

तुझा बापूस